लग्नपत्रिका छापतांना

लग्न ठरलें कीं घरांतील वडीलधाऱ्या मंडळींत कामांची वांटणी सुरू होते. कार्यालय कोणीं ठरवावें, आचाऱ्याशीं कोणीं बोलावें, सराफाकडे कोणीं जावें, वऱ्हाडाच्या मोटारींचें कोणीं पाहावें, ह्यावर दोन-दोन रात्री खल होतो. पत्रिकेची गोष्ट निघाली म्हणजे मात्र सर्वांच्या नजरा घरांतल्या एखाद्या पेन्शनर मास्तराकडे वळतात, आणि 'हें आपलें तुमचें काम' असें म्हणून मंडळी मोकळी होतात. मी जुन्नर तालुक्यांतील निमगांव सावा येथला. उभी हयात मराठी व संस्कृत शिकविण्यांत गेली. त्यामुळें आमच्या भावकींत गेल्या वीस-बावीस वर्षांत ज्या पत्रिका निघाल्या, त्यांपैकीं बहुतेकांचीं मुद्रितें माझ्या हाताखालून गेलीं आहेत. ह्या कामांत मला जें कळलें, आणि एकदां जें कळलें नाहीं, तें दोन्ही वाचकांपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

पत्रिका ही वस्तु आपल्याकडे फार जुनी नाहीं. छापखाने येण्यापूर्वीं निमंत्रणाची खरी रीति 'अक्षत' ही होती. घरचीं माणसें कुंकवानें माखलेले तांदूळ घेऊन, वाजंत्री पुढें लावून, आधीं ग्रामदैवतास व मग घरोघर जात. उंबऱ्यावर अक्षत ठेवली म्हणजे निमंत्रण झालें. परगांवच्या सोयऱ्यांस हातचें पत्र जाई. तें मोडी लिपींत, बोरूनें लिहिलेलें, कोपऱ्यांना कुंकू लाविलेलें. ह्या पत्रांच्या कागदाशीं आमच्या तालुक्याचा जवळचा संबंध आहे. जुन्नर शहरांत कागदी लोकांची वस्ती होती व तेथें हातानें कागद होत असे. पेशवाईच्या काळीं जुन्नरी कागद नांवाजलेला होता. पुढें गिरणीचा स्वस्त कागद आला आणि तो धंदा बसला. पुण्यास १९४० सालीं हातकागद संस्था निघाली, तिनें ही कला पुन्हां उभी केली. आज कोणी हौसेनें हातकागदावर पत्रिका छापून घेतो, तेव्हां आपल्याच पणज्याच्या दप्तरांतला कागद आपण पुन्हां हातीं घेतों आहों, हें पुष्कळांच्या लक्षांतहि येत नाहीं.

छापील अक्षरावर आपल्या घरांचा विश्वास बसावयास वेळ लागला. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनीं १८४१ सालीं पहिलें मराठी पंचांग छापलें. धर्मकृत्याचें पुस्तक छापावयाचें, आणि शाईंत चरबी असल्याचा लोकांचा संशय, म्हणून त्यांनीं शाईंत तूप घातलें असें सांगतात. पुढें जावजी दादाजींनीं १८६४ सालीं खिळे ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना. देवनागरीचें जें सुबक, भरदार वळण आजहि पत्रिकेवर पाहून आपण 'अक्षर शास्त्रशुद्ध आहे' असें म्हणतों, त्याची संवय आपल्या डोळ्यांस निर्णयसागरच्या पंचांगांनीं व पोथ्यांनीं लाविली. पत्रिकेवरच्या गणपति-सरस्वतीच्या चित्रांचें मूळहि असेंच शोधतां येतें. राजा रविवर्म्याचा शिळाछाप कारखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला व नंतर आपल्याच पुणें जिल्ह्यांत, लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथल्या चित्रांनीं देवदेवतांच्या ज्या मूर्ति घरोघर नेल्या, त्यांच्याच छायेंत पुढचे चित्रकार वाढले.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पत्रिका म्हणजे प्रथम मजकूर, आणि मग कागद व शाई. आमच्या लहानपणीं मजकुराचा साचा ठरलेला असे: 'आमचे येथें श्रीकृपेंकरून' अशी सुरुवात, मग 'शरीरसंबंध करण्याचें योजिलें आहे', आणि शेवटीं 'सहकुटुंब सहपरिवार येऊन' इत्यादि. ह्यांतला 'शरीरसंबंध' हा शब्द आजच्या मुलामुलींस खटकतो. जुन्या भाषेंत त्याचा अर्थ सोयरीक एवढाच होता. पण शब्दाचा अर्थ लोकांच्या मनांत बदलला म्हणजे कोशाचा आधार दाखवून हट्ट धरण्यांत शहाणपण नाहीं. 'विवाह' हा शब्द पुरेसा आहे. 'निमंत्रण' लिहावें कीं 'आमंत्रण', असा प्रश्नहि मला नेहमीं येतो. पाणिनीनें एकाच सूत्रांत (३.३.१६१) हे दोन्ही शब्द शेजारीं शेजारीं घातले आहेत, म्हणजे त्याच्या मतें ते एक नव्हेत. टीकाकार भेद असा सांगतात कीं, निमंत्रण टाळतां येत नाहीं, तें कर्तव्य म्हणून येतें. आमंत्रणांत येणाऱ्याच्या इच्छेस वाव असतो. श्राद्धाच्या ब्राह्मणास निमंत्रण असतें तें ह्या अर्थानें. मग लग्नास काय लिहावें? सख्ख्या सोयऱ्यास निमंत्रण आणि ओळखीच्यास आमंत्रण, असा भेद एका पत्रिकेंत करतां येत नाहीं, म्हणून मी 'निमंत्रण' लिहितों. ज्याला बोलवावयाचें त्याला यावेंच लागेल अशा भावनेनें बोलवावें, हें बरें.

तिथीची जागा सर्वांत धोक्याची. छापखान्यांत जुन्या पत्रिकेचा नमुना पुढें ठेवून नवी जुळविण्याची पद्धति असते, आणि शक व संवत्सर जुनेच राहून जातात. विशेषतः माघ-फाल्गुनांत छापलेल्या व वैशाखांतल्या लग्नाच्या पत्रिकेवर ही चूक हटकून होते, कारण मध्यें गुढीपाडवा येऊन वर्ष बदललेलें असतें. ती पकडण्यास एक सोपा ताळा आहे. शकांत बारा मिळवावे व साठानें भागावें. जी बाकी राहील तितकावा संवत्सर, प्रभवापासून मोजून. शके १९४७ घ्या: बारा मिळविले, १९५९ झाले; साठानें भागून बाकी ३९; एकोणचाळिसावा विश्वावसु. शके १९४८ चा अर्थात् पराभव. शिवाय इंग्रजी तारीख, वार, मास, पक्ष व तिथि हीं पांचहि एकमेकांशीं जुळतात कीं नाहींत, हें पंचांग उघडून पाहावें. तोंडपाठ आहे म्हणून सोडूं नये. 'शु.' च्या जागीं 'कृ.' पडला तर पाहुणा पंधरा दिवस उशिरा येईल, असें मी वर्गांत थट्टेनें म्हणत असें. आतां तारखेमुळें तो येईल वेळेवर, पण पत्रिका मात्र जन्मभर खोटें बोलत राहील. अधिक मासाचेंहि भान असावें. शके १९४८ मध्यें ज्येष्ठ अधिक असून तो १७ मे ते १५ जून २०२६ असा आहे. अशा वर्षीं मुहूर्त मागें-पुढें दाटतात आणि छापखान्यांतहि गर्दी होते. म्हणून काम महिनाभर आधीं टाकावें.

शुद्धलेखनाविषयीं थोडें. 'आशीर्वाद' ह्या शब्दावरचा रफार शेकडा कितीतरी पत्रिकांत एक घर अलीकडे सरकून 'आर्शिवाद' होतो. 'सौ. कां.' म्हणजे सौभाग्यकांक्षिणी; 'कां' वरचा अनुस्वार गेला तर कांक्षाच गेली. 'कृपाभिलाषी', 'स्नुषा', 'ज्येष्ठ', 'द्वितीय' हेहि शब्द वारंवार जखमी होतात. पूर्वीं खिळे जुळविणारा कंपोझिटर चुकत असे, आतां संगणक चुकवितो. छापखान्यांतले कांहीं टंक जुन्या पद्धतीचे असतात व आपण मोबाईलवरून पाठविलेला मजकूर युनिकोडांत असतो. एकांतून दुसऱ्यांत नेतांना जोडाक्षरें फुटतात व वेलांट्या भलत्या अक्षरावर बसतात. म्हणून मजकूर मोबाईलवर पाठविला तरी एक प्रत कागदावर, स्वच्छ अक्षरांत, लिहून द्यावी. मुद्रित आलें म्हणजे एकानें मूळ वाचावें व दुसऱ्यानें मुद्रितावर बोट ठेवून ऐकावें. शेवटच्या मुद्रितावर 'छापावें' असें लिहून सही केल्याखेरीज काम पुढें जाऊं देऊं नये.

संख्येचा हिशेब माणसांवरून नव्हे, चुलींवरून करावा. मागच्या कार्याची आहेराची वही काढावी; कोणाकडे जावयाचें तें तिच्यांत आयतेंच सांपडतें. वाडा एक असला तरी भाऊ निराळे झाले असतील तर प्रत्येक चुलीस पत्रिका गेली पाहिजे. त्या एका पत्रिकेवरून वर्षभराचा अबोला झालेला मीं पाहिला आहे. आलेल्या आंकड्यावर दहांत एक ह्या मानानें जास्त छापून घ्याव्या. ऑफसेटची प्लेट एकदां तयार झाली कीं पुढचा खर्च मुख्यतः कागदाचा. म्हणून पन्नास जास्त छापणें स्वस्त, आणि विसरलेल्या पन्नासांसाठीं पुन्हां छापणें महाग. तयार चित्रांचीं कार्डें शिवकाशी व दिल्लीकडून येतात. त्यांवर आपला मजकूर स्क्रीननें छापून मिळतो. सोनेरी शाई पुरती वाळल्याशिवाय गठ्ठा बांधूं देऊं नये, नाहींतर एकीचा मजकूर दुसरीच्या पाठीवर उमटतो. मुंबईस गिरगांवांत खाडिलकर रस्त्यावर, पुण्यास अप्पा बळवंत चौकाच्या आसपास हवी तितकी निवड आहे. पण आमच्या गांवांकडच्यांस नारायणगांव किंवा आळेफाटा जवळ. मुद्रितासाठीं दोन-तीन खेपा होणार, हें जमेस धरून छापखाना निवडावा. पाकिटें, आहेराचीं छोटीं पाकिटें, घरच्या कोणी रचलेल्या मंगलाष्टकांचे कागद, कार्यक्रमाचें पान, हें सर्व एकाच वेळीं सांगितलें म्हणजे कागदाचा रंग एक राहतो व भावहि कमी पडतो.

इतकें सगळें मला ठाऊक होतें. आणि तरी २०२५ सालीं आमच्या घरांत जी पत्रिका निघाली तिच्यांत माझ्या हातून अशी चूक झाली कीं, तिच्यापुढें 'आर्शिवाद' शतदां क्षम्य ठरावा.

लग्न माझ्या पुतण्याचें होतें. माझे वडील बंधु तो नऊ वर्षांचा असतांनाच गेले. वहिनींनीं त्याला वाढविलें. एकत्र घर असल्यानें अन्नवस्त्राची ददात नव्हती, पण मूल वाढविणें म्हणजे केवळ अन्नवस्त्र नव्हे, हें सांगावयास नको. त्याच्या शाळेच्या डब्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत सर्व त्यांनीं पाहिलें. पत्रिकेचें काम रीतीप्रमाणें माझ्याकडे आलें. मीं ट्रंकेंतून घरची जुनी पत्रिका काढली, तिच्यावरून मजकूर उतरला, आणि तालुक्यांतल्या एका छापखान्यांत दिला. पहिल्या मुद्रितांत सतरा चुका निघाल्या. शक १९४६ व संवत्सर क्रोधी पडला होता, तो मीं बदलून विश्वावसु केला. दुसऱ्या मुद्रितांत चार, तिसऱ्यांत एकहि नाहीं. सही केली. सहाशें पत्रिका छापून घरीं आल्या.

देवापुढें गठ्ठा ठेवला. पहिली पत्रिका ओझरच्या विघ्नहराची, दुसरी कुलस्वामिनीची. वहिनींनीं चष्मा लावून एक पत्रिका सावकाश वाचली आणि म्हणाल्या, "छान झाली आहे, भाऊजी. एकहि चूक नाहीं." मला, खरें सांगावयाचें तर, बरें वाटलें.

चार दिवसांनीं मुलीकडची पत्रिका आली. तिच्यांत वराचा उल्लेख असा होता: कै. अमुक व श्रीमती अमुक यांचे चिरंजीव. मीं ती ओळ वाचली आणि आमची पत्रिका हातीं घेतली. आमच्या पत्रिकेंत माझ्या दिवंगत बंधूंचें नांव होतें. निमंत्रक म्हणून माझें होतें, धाकट्या भावाचें होतें, आमच्या दोघांच्या कुटुंबांचीं 'सौ.' लावून होतीं. चुलतभाऊ होते. मुलांचीं लाडकीं नांवेंसुद्धां 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणून तळाशीं होतीं. जिनें मुलाला वाढविलें त्या त्याच्या आईचें नांव मात्र त्या कागदावर कोठेंहि नव्हतें. परक्या घरानें तें छापलें होतें; आम्हीं छापलें नव्हतें.

हें मीं मुद्दाम केलें नव्हतें. कोणी म्हणेल, मग दोष कसला? दोष हाच कीं, मुद्दाम करावें लागलें नाहीं. जुन्या साच्यांत विधवेच्या नांवास जागाच नव्हती, आणि मीं साचा उतरला. मुद्रितांत चुकलेलें अक्षर डोळ्यांस दिसतें. न छापलेलें नांव दिसत नाहीं. मीं पुतण्यास बोलावून विचारलें, "तुझ्या हें लक्षांत आलें नाहीं का रे?"

तो खालीं पाहत म्हणाला, "आलं होतं काका, दुसऱ्या प्रुफाच्या वेळीं. पण तुम्ही तपासलं होतं. मला वाटलं, पद्धत असेल."

'पद्धत असेल' ह्या दोन शब्दांनीं मला जितकें लागलें तितकें उभ्या हयातींत कोणा साहेबाच्या शेऱ्यानें लागलें नव्हतें.

त्याच संध्याकाळीं मीं घरांत सांगितलें कीं पत्रिका पुन्हां छापावयाची. खर्चाची गोष्ट निघाली. धाकटे बंधु म्हणाले कीं सत्तर पत्रिका गेल्यासुद्धां, आतां गांवभर दोन तऱ्हेच्या पत्रिका दिसतील. वहिनींनींच सर्वांत जास्त विरोध केला. "भाऊजी, कशाला? एवढं काय अडलं आहे माझ्या नांवावांचून? हवं तर शेवटीं पेनानं लिहा."

मीं म्हटलें, "वहिनी, चूक माझी आहे, ती मला दुरुस्त करूं द्या. मुलांच्या वह्यांत मीं पेनानें दुरुस्त्या केल्या. घरच्या पत्रिकेंत करणार नाहीं."

त्या पुढें बोलल्या नाहींत. पत्रिका पुन्हां छापली. निमंत्रकांत पहिलें नांव वहिनींचें घातलें. ज्या सत्तर घरीं पहिली पत्रिका गेली होती, तेथें मी व पुतण्या नवी घेऊन स्वतः गेलों. परगांवच्यांस हातानें चार ओळी लिहून पाठविली. एका वृद्ध आप्तांनीं दोन्ही पत्रिका शेजारीं ठेवून पाहिल्या आणि विचारलें, "फरक काय आहे?" मीं बोट ठेवून दाखविलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "आमच्या थोरल्याच्या वेळीं हें सुचलं असतं, तर बरं झालं असतं."

वाचकांपैकीं कोणास वाटेल कीं ही एका घरची गोष्ट आहे. परंतु आपापल्या ट्रंका उघडून पाहाव्या. कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ तालुक्यांतील हेरवाडच्या ग्रामसभेनें ४ मे २०२२ रोजीं विधवांसंबंधींच्या अनिष्ट चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनानें त्याच महिन्याच्या १७ तारखेस परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींस तसें करण्याचें आवाहन केलें. १ मे २०२४ पासून पुढें जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बालकाचें नांव, मग आईचें, मग वडिलांचें व शेवटीं आडनांव, असा क्रम ठरला आहे. म्हणजे सरकारी दप्तरांत आईचें नांव शिरलें. आणि देवापुढें ठेवावयाच्या कागदावर तें नसावें, ही आपल्यासारख्या शिकलेल्या घरांस शोभणारी गोष्ट नव्हे. 'श्रीमती' लिहिल्यानें मंगल कार्यास बाध येतो असें ज्यांस वाटतें त्यांनीं एवढाच विचार करावा कीं, 'कै.' हें अक्षर आपण पत्रिकेंत बिनदिक्कत छापतों. गेलेल्याचें नांव मंगल, आणि मागें राहून घर सांभाळणारीचें अमंगल, हें कोणत्या शास्त्रांत बसतें?

दुसरें एक व्यवहाराचें कारणहि आहे. महाराष्ट्रांत १९९८ च्या कायद्यान्वयें विवाहाची नोंद करावी लागते, आणि त्या वेळीं इतर कागदांबरोबर लग्नपत्रिका पुरावा म्हणून मागतात. म्हणून वधूवरांचीं नांवें शाळेच्या दाखल्यांत व आधार कार्डांत जशीं असतील तशीं पत्रिकेंत पूर्ण घालावीं. लाडकें नांव हवेंच असेल तर तें कंसांत घालावें. स्थळ, तारीख व वेळ संदिग्ध ठेवूं नये. टपालानें जाणाऱ्या पाकिटावर पिन क्रमांक विसरूं नये. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो चालू आहे, तरी आमच्या पिढीच्या हातून अजून राहून जातो. आतां मोबाईलवरून पत्रिकेचें चित्र पाठविण्याची रीति पडली आहे. तिला मी नांवें ठेवीत नाहीं. परदेशीं असलेल्या मुलांस दुसरा सोयीचा मार्ग नाहीं. मात्र गांवांतल्या वडील माणसाच्या हातीं कागदच द्यावा, आणि देणाऱ्यानें दोन घटका बसावें. अक्षत घेऊन उंबऱ्यापर्यंत जाण्यांत जो अर्थ होता तो एवढ्यानें तरी शिल्लक राहील.

आमच्या दुसऱ्या खेपेच्या पाकिटांवर पत्ते घालावयाचे होते. घरांत सर्वांत चांगलें अक्षर वहिनींचें. मीं त्यांनाच विनंती केली. तीन दुपारी बसून त्यांनीं ते सगळे पत्ते लिहिले. ओझरला विघ्नहरापुढें ठेवावयाची पत्रिका मात्र त्यांनीं माझ्याकडे दिली नाहीं. "ती मीच घेऊन येतें," म्हणाल्या, आणि मुलाबरोबर गेल्या.

तेव्हांपासून मीं माझ्या पद्धतींत एक भर घातली आहे. शेवटचें मुद्रित शुद्ध झालें म्हणजे मी लेखणी खालीं ठेवतों, डोळे मिटतों, आणि घरांतलीं माणसें एकेक करून आठवतों: माजघरांतलीं, स्वयंपाकघरांतलीं, जिन्याखालच्या खोलींतलीं. मग डोळे उघडून प्रत्येकाचें नांव कागदावर शोधतों. तें सांपडलें म्हणजेच सही करतों. ज्यांच्या घरीं येत्या हंगामांत कार्य असेल, त्यांनीं एवढें अवश्य करावें. कार्य सिद्धीस नेण्यास विघ्नहर समर्थ आहे. नांवें मात्र आपणच लिहावयाचीं असतात.